तीन नंबरचा दिवा

त्याला सगळे टेस्टर म्हणत. दुसरे लोक खिशाला पेन लावतात तसा याच्या खिशाला कायम टेस्टर लावलेला असे. लग्नाला गेला तरी, आणि सख्ख्या भावाला पोचवायला गेला तेव्हाही. माझं इलेक्ट्रिक सामानाचं दुकान आहे. वीसेक वर्षं तो माझ्याकडे वायर, होल्डर, फ्यूज न्यायला येतोय. त्याच्यासाठी सामान बाजूला काढून ठेवलं तर पिशवीवर मीसुद्धा ‘टेस्टर’ असंच लिहितो. खरं नाव मला माहीत आहे, पण त्या नावाने हाक मारली तर तो वळून बघेल की नाही, शंका आहे.

बोलणं फार कमी. शब्दाशब्दाला युनिट पडतंय असं बोलायचा. “दोन होल्डर.” “पांढरे?” “हं.” झालं, संपली मुलाखत. त्यामुळे आता जे सांगतोय ते त्याने मला एका बैठकीत सांगितलेलं नाही. चार-सहा महिन्यांत, काउंटरवर उभ्या उभ्या, तुकड्या तुकड्याने बाहेर आलं. मी फक्त जोडून घेतलंय.

पंचवीस वर्षांपूर्वी तो ज्या कंपनीत होता ती कंपनी घरोघरी रिमोटचे दिवे बसवायची. तेव्हा ते फार अपूर्वाईचं होतं. अंथरुणात पडल्या पडल्या बटण दाबायचं आणि स्वयंपाकघरातला दिवा लागायचा. पाहुणे आले की घरमालक उगाचच चार वेळा लावून-विझवून दाखवायचे. त्यातली करामत साधी होती. प्रत्येक दिव्याच्या प्लगला एक डबी, तिला कंपनीवाले मॉड्यूल म्हणत. रिमोटचा निरोप आधी भिंतीतल्या एका मोठ्या डबीला मिळायचा, आणि तिथून तो घरातल्या विजेच्या वायरीतूनच बाकीच्या डब्यांकडे जायचा. वेगळी वायर टाकायची गरज नाही. प्रत्येक डबीवर दोन छोटी चाकं: एक घराचं अक्षर दाखवणारं, दुसरं दिव्याचा नंबर. चाक एक खाच इकडचं तिकडे झालं तर बटण बैठकीचं दाबायचं आणि उजेड मोरीत पडायचा.

पुढे मोबाइलवर चालणारे दिवे आले. कंपनी बंद पडली. डब्या मात्र घराघरांत राहिल्या, आणि त्यांचं दुखणंखुपणं समजणारा माणूस एकच उरला. सुरुवातीला चाळीस घरं होती त्याच्याकडे. मग अकरा. मग चार. बाकीच्यांनी एकेक करून डब्या काढून नवं बसवलं. तो स्वतःच त्या काढून द्यायला जायचा आणि जुन्या डब्या सुट्या भागांसाठी घरी घेऊन यायचा.

घरी म्हणजे एका बंद शिंपीदुकानाच्या माळ्यावरची खोली. लग्न केलं नव्हतं. थोरला भाऊ आणि वहिनी यांच्याकडे राहायचा. भाऊ गेला तेव्हा वहिनी लेकीकडे राहायला गेली, मोठं घर सोडून द्यावं लागलं आणि हा माळ्यावर आला. पुतणी महिन्यातून एकदा फोन करायची. “काका, बरे आहात ना?” “हं.” “जेवलात?” “हं.” “आईला देऊ?” वहिनीलाही तेच. खोलीत त्या जुन्या डब्यांची फळीवर रांग होती, पण त्याच्या स्वतःच्या दिव्याला एकही लावलेली नव्हती. मी पुढे कधीतरी विचारलं तर म्हणाला, “हात लांब केला की बटण येतं.” एवढीच खोली.

त्या उरलेल्या चार घरांपैकी एक घर एका बाईंचं होतं. बाई आयुष्यभर भूमापनाच्या कचेरीत नकाशे काढायच्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली, यजमान वारलेले, मुलगी परगावी. बाईंच्या डोळ्यांच्या मधोमध काहीतरी बिघडलं होतं. समोर बघितलं की धुरकट डाग, कडेकडेचं थोडं दिसायचं. उजेड असेल तर दाराची चौकट कळायची, अंधारात काहीच नाही. म्हणून त्यांना त्या डब्यांचा खरा उपयोग होता. मोठ्या बटणांचा रिमोट गळ्यात अडकवलेला असायचा. एक नंबर बिछान्याजवळचा, दोन बैठकीचा, तीन पॅसेजमधला, चार स्वयंपाकघरातला. बोटांनी चाचपून पुढचा दिवा आधी लावायचा, मग पाऊल टाकायचं. घरभर अशा चालायच्या.

एक दिवस त्यांचा फोन आला. तीन नंबरचा दिवा लागत नाही. कधी लागतो, कधी नाही.

हा मंगळवारी सकाळी अकराला गेला. बाईंनी त्याच्या समोर बटण दाबलं आणि दिवा लख्ख लागला. पुन्हा दाबलं, विझला. दहा वेळा केलं, दहाही वेळा बरोबर.

“आता माझं कोण खरं मानणार?” बाई म्हणाल्या. “दात दुखतो म्हणून डॉक्टरकडे जावं आणि खुर्चीत बसताच दुखायचा थांबावा, तसं झालं.”

तो हसला नाही, सरळ कामाला लागला. आधी दिवा बदलून पाहिला. नवे एलईडी दिवे त्या डब्यांना मानवत नाहीत, अर्धवट लुकलुकतात. पण बाईंचा दिवा जुन्याच जातीचा होता. मग रिमोटचे सेल. मग चाकं: अक्षर बरोबर, नंबर तीन. मग तीनची डबी काढून चारच्या जागी लावली आणि चारची तीनच्या जागी. त्याच्याकडे सिग्नल मोजायचं एक छोटं यंत्र होतं. सॉकेटमध्ये खुपसलं की त्यावरचे पाच ठिपके लागायचे, जितका निरोप जोरात तितके जास्त ठिपके. पॅसेजमध्ये चार ठिपके लागले. उत्तम.

“लागत नाही तो कधी?” त्याने विचारलं.

“संध्याकाळी. सहा-सातच्या सुमाराला. नेमकं मला लागतो तेव्हा.”

“मग संध्याकाळी येतो.”

“चहा?”

“नको.”

हे त्याचं ठरलेलं उत्तर होतं. काम झालं की पाण्याचा घोटसुद्धा न घेता निघायचा. लोकांना वाटायचं भारी ताठ आहे. खरं म्हणजे चहा घेतला तर बोलावं लागेल, याची त्याला धास्ती असायची.

गुरुवारी सहाला गेला. बाईंनी बटण दाबलं, दिवा ढिम्म. यंत्र सॉकेटमध्ये लावलं तर एकच ठिपका, तोही धड नाही. आता त्याला बरं वाटलं. बिघाड समोर आला की त्याला नेहमीच बरं वाटायचं. मेन बोर्डापाशी जाऊन त्याने एकेक खटका पाडायला सुरुवात केली. स्वयंपाकघर बंद केलं, ठिपका एकच. झोपायची खोली बंद केली, तरी एकच. म्हणजे भानगड बैठक आणि पॅसेज यांच्यातच. मग तिथला एकेक प्लग उपटत गेला. टीव्ही, रेडिओ, पंखा. शेवटी बैठकीच्या कोपऱ्यात एक काळा अडॅप्टर होता. तो काढला आणि पॅसेजमधल्या यंत्रावर चार ठिपके झळकले.

तो अडॅप्टर बाईंच्या वाचायच्या मशीनचा होता. लेकीने गेल्याच महिन्यात पाठवलेलं. त्याखाली कागद धरला की पडद्यावर एकेक अक्षर बशीएवढं दिसायचं. बाई रोज संध्याकाळी सहा ते आठ त्यावर वर्तमानपत्र वाचायच्या, अक्षर अक्षर लावून. तेवढा वेळ तो अडॅप्टर वायरीतला निरोप मधल्यामध्ये गिळून टाकत होता. असल्या अडॅप्टरांची खोड त्याला चांगली माहीत होती. उपायही माहीत होता. अडॅप्टर आणि सॉकेट यांच्यामध्ये एक फिल्टर लावायचा, मुठीएवढा. दोन मिनिटांचं काम. फिल्टर त्याच्या बॅगेत होते, एक सोडून दोन.

तो बॅगेकडे वळला तेवढ्यात खुर्चीतून बाई म्हणाल्या, “माझं मशीन बंद पडलं वाटतं. असू दे, आजचा पेपर काही पळून जात नाही. तुम्ही राहता कुठे हो?”

इथे तो माझ्या काउंटरवर बोलता बोलता थांबला होता, ते मला आठवतं. मग म्हणाला, “असं कोणी विचारलं नव्हतं रे. बऱ्याच दिवसांत.” मी मान खाली घालून होल्डर मोजत राहिलो. वीस वर्षं हा माणूस माझ्या दुकानात येतोय, आणि तो कुठे राहतो हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

त्याने बाईंना गल्ली सांगितली. बाई एकदम सरसावून बसल्या.

“ती होय! ती गल्ली मी काढलीय. सुरुवातीला रुंद आहे आणि पुढे चिंचोळी होत जाते. डाव्या हाताला एक तिरकं घर आहे, सगळ्या रांगेतून एक खांदा पुढे काढून उभं असल्यासारखं. आहे का अजून?”

“त्याच घरात राहतो. माळ्यावर.”

“काय सांगता! त्या घराने मला दोन दिवस छळलं. मोजमापं जुळेनात. आमचे साहेब म्हणाले, रांगेत सरळ दाखवा बाई, कोण बघतंय. मी म्हटलं, घर तिरकं आहे तर ते तिरकंच दिसलं पाहिजे. पुन्हा माणसं पाठवून मोजून घेतलं.”

मग बाईंनी त्याला त्याची गल्ली सांगितली. मागे पूर्वी पाण्याचा हौद होता. शेवटच्या दोन घरांची भिंत एकच आहे आणि त्यावरून भावाभावांत बोलाचाली बंद होती. वळणावर एक झाड होतं, ते नकाशात दाखवायचं की नाही यावर कचेरीत वाद झाला होता. डोळ्यांनी समोरचा माणूस दिसत नव्हता, पण चाळीस वर्षांपूर्वी काढलेली गल्ली त्यांना घरासकट पाठ होती. तो ऐकत बसला. मध्येच त्याच्या लक्षात आलं की आपल्या हातात चहाचा कप आहे.

आठ वाजले. तो उठला. अडॅप्टर होता तसा सॉकेटमध्ये लावला, मशीनचा पडदा उजळला.

“सापडलं का काही?” बाईंनी विचारलं.

“अजून बघावं लागेल,” तो म्हणाला. “पुढच्या गुरुवारी येतो. तोवर बॅटरी जवळ ठेवा.”

तो म्हणाला, “माझं तोंडच बोललं. मी नाही.” पण जिना उतरताना त्याला नीट कळलं होतं की आपण काय केलंय. आयुष्यात पहिल्यांदाच तो सापडलेला बिघाड तसाच ठेवून बाहेर पडला होता.

पुढचा आठवडा त्याने कसा काढला देव जाणे. मला आठवतंय, त्या दिवसांत तो दुकानात आला आणि आपण होऊन म्हणाला, “आज उकडतंय.” मी चकितच झालो. याला हवामानाची खबर कधीपासून लागली?

गुरुवारी इस्त्रीचा शर्ट घालून गेला. तीन नंबरची डबी उघडली, फुंकर मारून आतली धूळ उडवली, पुन्हा बंद केली. एक स्क्रू उगाचच ढिला करून परत पिळला. बाई बिचाऱ्या विचारत होत्या, “फार किचकट दिसतंय का?” तो “हं” म्हणाला. मग चहा झाला. बाईंनी साखळीने जमीन मोजायचे दिवस सांगितले, उन्हात साखळी तापून लांब व्हायची आणि हिशेब चुकायचा ते सांगितलं. आणि मग यानेही सांगितलं. भावाचं सांगितलं. दोघे एकाच ताटात जेवायचे ते, वहिनीने नवी नवरी असताना याच्या शाळेच्या सदऱ्याला बटणं लावून दिली होती ते. भाऊ गेल्यावर घर रिकामं करताना भिंतीतले सगळे सॉकेट यानेच काढले तेही. असलं तो कुणाशी कधी बोललाच नव्हता. बाई मध्ये मध्ये “मग?” एवढंच म्हणायच्या. समोरचा चेहरा दिसत नसल्यामुळे असेल, पण त्या मान थोडी बाजूला वळवून ऐकायच्या, आणि बोलणाऱ्याला वाटायचं की यांचं सगळं लक्ष आपल्याकडेच आहे.

निघताना म्हणाला, “अजून एकदा यावं लागेल.”

“या की,” बाई म्हणाल्या. “पण माझा दिवा तेवढा लावा बाबा लवकर. त्या पॅसेजमध्ये मला फार चाचपडायला होतं.”

हे वाक्य त्याने मला तीनदा सांगितलं. तीनही वेळा अगदी तसंच.

पुढचा गुरुवार उजाडायच्या आत, सोमवारी संध्याकाळी बाई पडल्या. पेपर वाचून झाला, मशीन तसंच चालू ठेवून उठल्या, तीन नंबरचं बटण दाबलं. दिवा लागला नाही. एका हातात काठी, दुसऱ्या हाताने बॅटरी धरायची तर भिंतीचा आधार सुटतो, म्हणून बॅटरी खुर्चीवरच राहिली. घर आपलंच आहे, चार पावलं तर जायचंय, म्हणून निघाल्या. उंबऱ्याला पाय अडला. उजवं मनगट मोडलं. शेजारच्यांनी आवाज ऐकून दार उघडवलं, दवाखान्यात नेलं, लेकीला कळवलं.

मंगळवारी लेकीचा याला फोन. “दिवे दुरुस्त करणारे तुम्हीच ना? आई पडली. तो पॅसेजचा दिवा आज नीट करून द्या, नाहीतर सगळंच काढून टाकू.”

फोन ठेवल्यावर तो बॅग उचलून पळाला. लेकीने दार उघडलं. प्रवासाने दमलेली, केस नीट बांधलेले नाहीत. तो काही न बोलता बैठकीच्या कोपऱ्यात गेला, बॅगेतून फिल्टर काढला, सॉकेटला लावला, त्यावर अडॅप्टर लावला. मशीन चालू केलं. पॅसेजमध्ये जाऊन बटण दाबलं. दिवा लागला.

लेक बघत होती. “एवढंच होतं?”

“हो.”

“मग आधी का नाही झालं?” तो बॅगेची चेन लावू लागला. तेव्हा तिनेच त्याला वाट करून दिली. “पार्ट मिळत नसेल ना? जुन्या वस्तूंचं असंच असतं.”

“हो,” तो म्हणाला. “पार्ट मिळत नव्हता.”

पडलेल्या बाईपेक्षा हे ‘हो’ त्याला जास्त खात राहिलं, असं मला वाटतं. बिघाड ठेवला तो मोहाने ठेवला. खोटं मात्र घाबरून बोलला. तीन दिवस जेवण गोड लागलं नाही. चौथ्या दिवशी बाई घरी आल्याचं कळलं तसा तो गेला. लेक औषधं आणायला बाहेर गेली होती. बाई खुर्चीत, हात प्लास्टरमध्ये, गळ्यात रिमोटच्या जोडीला आता हाताची झोळीही.

त्याने उभ्या उभ्याच सांगून टाकलं. “बाई, दिव्याचा बिघाड मला त्या पहिल्या गुरुवारीच सापडला होता. पार्टही जवळ होता. मी लावला नाही.”

बाई म्हणाल्या, “का?”

“पुन्हा यायला मिळावं म्हणून.”

खरं सांगायचं तर मला वाटलं होतं, इथे बाई विरघळल्या असतील. तसं काही झालं नाही. बाई भडकल्या. आवाज चढला नाही, पण भडकल्या.

“मी तुम्हाला माझं घर उघडून दिलं होतं. मला दिसत नाही हे तुम्हाला माहीत होतं. मी दिव्याच्या भरवशावर चालते आणि दिवा तुमच्या भरवशावर होता. चहाला यायचं होतं तर चहाला यायचं! दिव्याला कशाला मध्ये घातलंत?”

त्याने खिशातला टेस्टर काढला, परत लावला.

“मी नाही म्हटलं असतं का? सांगा ना. मला तरी कोण येतं? पण विचारायला तुमची जीभ रेटत नाही, आणि मनगट मोडतं माझं.”

“चुकलं,” तो म्हणाला.

“चुकलंच. आता जा तुम्ही.”

तो गेला. लेकीला त्यांनी काय सांगितलं, सांगितलं की नाही, त्याला कळलं नाही.

नंतरचे काही आठवडे तो माझ्याकडे आला तेव्हा चेहरा उतरलेला. त्याच दिवसांत त्याने एक प्रयत्न करून बघितला, तेही मला नंतर सांगितलं. उरलेल्या तीन घरांपैकी एक घर एका निवृत्त दंतवैद्याचं होतं. दंतवैद्य गप्पिष्ट. हा एका रविवारी तोच इस्त्रीचा शर्ट घालून, हातात बॅग न घेता, त्यांच्याकडे गेला. चहाला. दंतवैद्यांनी दार उघडलं, आश्चर्याने बघितलं आणि म्हणाले, “अरे! आम्ही तर बोलावलं नव्हतं. सगळं व्यवस्थित चाललंय की.” मागे घरात माणसांचा हसण्याबोलण्याचा आवाज. याने चटकन खिशातला टेस्टर काढला. “चेक करायला आलो होतो. वर्षातून एकदा करतो.” आत जाऊन त्याने पाचही डब्या तपासल्या. सगळ्या ठणठणीत होत्या. तसाच बाहेर पडला. हे सांगताना तो चक्क हसला, आणि मलाही हसू आलं. मी म्हटलं, “अरे, माझ्याकडे यायचं ना रविवारी.” तो म्हणाला, “बघू.” तो आला नाही, आणि मीही पुन्हा म्हटलं नाही.

दीड महिन्याने बाईंच्या लेकीचा फोन आला. आईला आपल्याकडे नेतेय, ती म्हणाली. घर बंद करतोय. दिवे तिकडे लावायचेत, तर नीट काढून बांधून द्याल का? मग जरा थांबून, “आईच म्हणाली, त्यांनाच बोलवा. दुसऱ्या कोणी हात लावला तर सगळा घोळ होईल म्हणते.”

गेला तर घराचं सामान खोक्यांत भरलेलं. बाई खुर्चीत, खिडकीकडे मान वळवून. प्लास्टर निघालं होतं, पण बोटं अजून आखडलेली. त्याने भिंतीतल्या मोठ्या डबीसकट एकेक डबी काढली, पुसली, कापडात गुंडाळली. चाकं हलू नयेत म्हणून वरून चिकटपट्टी लावली. कुठली कशाची ते लेकीला समजावून सांगितलं. ती लिहून घेत होती.

“तो फिल्टर ठेवलात का?” बाईंनी खिडकीकडे बघतच विचारलं. त्या दिवसातलं त्यांचं त्याच्याशी हे पहिलं बोलणं.

“ठेवलाय. लाल पट्टी लावलीय त्याला, ओळखायला.”

“लाल मला दिसत नाही.”

“मग दोरा बांधतो. हाताला लागेल.”

त्याने सुतळीचा तुकडा घेऊन दोन फेरे दिले, गाठ मारली आणि फिल्टर त्यांच्या डाव्या हातात दिला. बाईंनी गाठ चाचपली. “बरं,” म्हणाल्या. गाडी आली. लेकीने त्यांना धरून जिना उतरवला. हा मागून खोकी घेऊन उतरला. गाडीत बसताना बाई म्हणाल्या, “तिरक्या घराला जपा.” तो “हं” म्हणाला. त्याला वाटलं, आपण अजून काहीतरी बोलायला हवं होतं. गाडी वळेपर्यंत काय ते सुचलं नाही.

पंधरा दिवसांनी संध्याकाळी त्याचा फोन वाजला. बाई होत्या.

“जावयाने दिवे लावले. दोन नंबरचा लागत नाही. तो म्हणतो डबी जळाली.”

“जळाली नसेल. डबी हातात घ्या. बटण बंद करून प्लग काढलाय ना?”

“काढलाय.”

“दोन चाकं आहेत. खालचं नंबरचं, त्यावर नखाने खाच शोधा.”

फोनमधून त्यांचा श्वास आणि नखाचा बारीक आवाज येत होता. “सापडली.”

“कुठे आहे? वर, की बाजूला?”

“बाजूला. उजवीकडे, जवळजवळ खाली आलीय.”

“चिकटपट्टी काढताना फिरलं असेल. सरळ वरची जागा म्हणजे एक नंबर. आता डावीकडे फिरवत वर आणा, अगदी सरळ वर. मग उजवीकडे एकच टिक.”

आखडलेल्या बोटांनी त्यांना वेळ लागत होता. मध्ये एकदा डबी हातातून निसटली, त्या स्वतःशीच पुटपुटल्या. तो थांबून राहिला, घाई केली नाही. मग टिक असा आवाज त्यालाही ऐकू आला.

“आता लावा. दोन दाबा.”

थोडा वेळ गेला. मागून कुणीतरी लहान मूल ओरडलं, “आज्जी, लागला!”

“लागला,” बाई म्हणाल्या.

“वाचायचं मशीन चालू आहे का? ते चालू ठेवून बघा.”

“चालू आहे. तरी लागला.”

“मग झालं.”

“झालं,” बाई म्हणाल्या. मागून कुणीतरी त्यांना जेवायला बोलावलं. “ठेवते,” म्हणाल्या, आणि त्यांनी फोन ठेवला.

सगळं मिळून सहा मिनिटं लागली. तो म्हणाला, इतक्या लांबून, डबीला हातही न लावता इतकं स्वच्छ काम त्याने कधी केलं नव्हतं.

त्यानंतर बाईंचा फोन आला नाही. याला आता वर्ष होऊन गेलं. त्याच्याकडे दोनच घरं उरलीत. फोन करून विचारावं असं त्याच्या मनात येतं, नंबरही आहे. मी म्हणतो, “कर की मग. नुसतं कसे आहात म्हणायचं.” तो म्हणतो, “बघू.” मग होल्डर पिशवीत टाकतो, खिशाला टेस्टर नीट लावतो आणि जाताना मला समजावल्यासारखं सांगतो की दिवे व्यवस्थित चालत असतील. बिघाड असता तर फोन आला असता.